‘मालक देतोय ते घ्या आणि सही करून मोकळे व्हा’? थोडं थांबा

कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा सल्ला कायम फिरत असतो: ‘मशीनवर हात गेला तर कोर्टकचेरी करू नका. चूक तुमची असेल तर कायद्याने काही मिळत नाही. मालक देईल ते रोख घ्या, स्टॅम्पपेपरवर सही करा, विषय संपला. केस लावली तर वर्षं जातात.’ केस लांबते, एवढंच यात खरं आहे.

तुमच्याकडे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्ड असेल तर लाभ त्या विमा महामंडळाकडून मिळतो, मालकावर वेगळा नुकसानभरपाईचा दावा होत नाही. बाकीच्यांसाठी कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923. (21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे. त्यानंतरच्या अपघाताला तिच्या तरतुदी पाहाव्यात. खालचे आकडे आणि कलमं त्याआधीच्या अपघातांसाठी आहेत.)

‘चूक तुमची असेल तर काही मिळत नाही.’ निष्काळजीपणा, थकवा, घाई यांमुळे हक्क जात नाही. दारू किंवा नशा, सुरक्षेसाठी दिलेला आदेश मुद्दाम मोडणं, मशीनचं संरक्षक कवच (गार्ड) मुद्दाम काढणं, एवढेच बचाव मालकाला आहेत. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेही चालत नाहीत. उत्पादन वाढावं म्हणून सुपरवायझरने पॉवर प्रेसचा गार्ड काढायला लावला असेल, तर तो दोष कामगाराच्या माथी मारू देऊ नका.

‘मालक देईल ते घ्या.’ आधी हिशेब करा. वय 35, महिन्याचा पगार 18,000. अपघात 3 जानेवारी 2020 नंतरचा असेल तर हिशेबाला जास्तीत जास्त 15,000 धरतात. त्याचे 60 टक्के 9,000. कायद्यात वयानुसार ठरलेला पस्तिशीचा गुणक 197.06, गुणाकार 17,73,540. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या अनुसूचीत (दुखापतींच्या यादीत) 20 टक्के, म्हणजे 3,54,708 रुपये. त्याच पगारावर परत कामावर घेतलं तरी ही रक्कम देय असते. दवाखान्याचा खर्च वेगळा. ‘बिल मी भरलं’ म्हणून तो यातून कापता येत नाही. एका महिन्यात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. पन्नास हजारांचं पाकीट या आकड्यासमोर ठेवून बघा.

दुखापत अनुसूचीत नसेल तर डॉक्टरांनी कमाईची क्षमता किती घटली ते लिहायला हवं. अवयवाच्या अपंगत्वाचा टक्का म्हणजे ते नव्हे. 1976 साली सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराला पूर्ण अपंग धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

‘सही केली की विषय संपला.’ हीच भीती दाखवून सह्या घेतल्या जातात. हक्क सोडल्याचा किंवा भरपाई कमी करणारा करार कलम 17 नुसार रद्दबातल असतो. एकरकमी तडजोड झाली तर मालकाने तिचं निवेदन या कायद्याखालच्या नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवायचं असतं. रक्कम अपुरी वाटली किंवा दबाव दिसला तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदणीच केली नाही तर मालक पूर्ण रकमेला बांधील राहतो, आणि आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त वजा करू शकत नाही. मृत्यूच्या प्रकरणात पैसे आयुक्तांकडेच जमा व्हायला हवेत. वारसांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल सोडली तर, भरपाई धरली जात नाही.

‘केस लावली तर वर्षं जातात.’ जातात. तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा कायद्यात आहे, प्रत्यक्षात तसं क्वचितच होतं. पण मालकाला जेवढी जबाबदारी मान्य आहे तेवढी रक्कम वाद चालू असतानाही द्यावी लागते. ती लेखी मागा. वकिलाऐवजी युनियनचा पदाधिकारीही बाजू मांडू शकतो.

म्हणून तडजोड करूच नये असं नाही. अपघात कामावर झाला हेच सिद्ध करणं अवघड असेल, तर थोडी कमी रक्कम स्वीकारणं शहाणपणाचं ठरू शकतं. फक्त उपचार पूर्ण होऊन टक्का ठरल्यावर, चेकने किंवा खात्यात, आणि आयुक्तांकडे नोंदवून. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, ती बोलणी चालू आहेत म्हणून थांबत नाही.

आणि पहिल्याच दिवशीचा केसपेपर वाचा. बरोबर आलेला माणूस ‘घरी पडला’ असं सांगून जातो आणि हिस्ट्रीत तेच लिहिलं जातं. ‘कामावर प्रेसमध्ये हात सापडला’ अशी नोंद तिथल्या तिथे करून घ्या, फोटो काढा, मालकाला रजिस्टर पोस्टाने कळवा. पगाराची पावती किंवा पासबुक त्याच फाइलला लावा.