पाळलेलं झुरळ आणि आलेलं झुरळ

झुरळ दिसलं की हात चपलेकडे जातो, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. अशा घरात लेपर्ड गेको, म्हणजे हौसेने पाळायची ठिपक्यांची पाल, येतो. त्याला कुणी पाल म्हटलं की मला राग येतो, आणि ती पालच आहे. भिंतीवरची पाल ट्यूबलाइटखाली आपलं आपण भागवते. विकतच्या पालीला मात्र समोर आणून वाढावं लागतं, आणि मोरीतलं झुरळ चालत नाही, कारण त्याने कुठलं औषध चाटलंय याचा भरवसा नाही.

पालीच्या खाण्यासाठी विकत मिळणारे रातकिडे रात्रभर किरकिरतात, वास मारतात आणि कारण न सांगता मरतात. म्हणून डुबिया, म्हणजे पालीला खाऊ घालायला घरीच पेटीत वाढवायची झुरळं. मूळची दक्षिण अमेरिकेची. आवाज नाही, गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढणं नाही, नराला पंख आहेत पण उडण्याची हौस नाही. मादीला पंखांच्या जागी नुसते खुंट. सुरुवातीला २५ माद्या आणि ६-७ नर पुरतात. नर जास्त झाले की एकमेकांचे पंख कुरतडत बसतात.

५० लिटरची अपारदर्शक पेटी घ्यायची. झाकणात वहीच्या पानाएवढी खिडकी कापून तिला तारेची जाळी बसवायची. नायलॉनची जाळी लावली तर झुरळं ती कुरतडतात, म्हणजे दाराबरोबर जेवणाचीही सोय होते. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवायचे. आडवे ठेवले की खळग्यांत विष्ठा साचते. ही विष्ठा दिसते हुबेहूब मिरपूड, तेव्हा चाळणी आणि डबा वेगळे ठेवा आणि कुणाचा हात लागणार नाही अशा जागी ठेवा. चाळताना तोंडाला मास्क हवा, कारण त्या धुळीची ॲलर्जी होते. आणि दर रविवारी घासूनपुसून लख्ख करू नका. नखाएवढी पिल्लं त्या भुशातच दडलेली असतात. स्वच्छतेच्या नादात पुढची पिढी कचरापेटीत जाते.

आता ऊब. पेटीच्या एका टोकाला हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, तिला तापमान आवरणारा थर्मोस्टॅट, आत ३० ते ३२ अंश. पुण्याच्या डिसेंबरात मॅट नसली तर झुरळं जिवंत राहतात, पण वंश वाढवायचं नाव घेत नाहीत. मुंबईच्या जुलैत उलटी रड: दमटपणाने पुठ्ठ्याला बुरशी येते. ओलं खाणं २४ तासांत काढलंच पाहिजे.

खायला ओट्स आणि गव्हाचा कोंडा, पाण्यासाठी गाजर किंवा संत्र्याची फोड. पाण्याची वाटी ठेवू नका, पिल्लं बुडतात. भाजी धुऊन, साल काढून. फवारणीचं औषध भाजीवरच्या किड्याला आणि पेटीतल्या किड्याला सारखंच लागू पडतं. मांजराचं खाणं लवकर वाढतील म्हणून ओतू नका. जादा प्रथिनांचं युरिक ॲसिड झुरळ अंगात साठवतं आणि पुढे भार पालीच्या मूत्रपिंडांवर पडतो.

पेटीच्या खोलीत डासांचं लिक्विड लावायचं नाही. पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल त्या दिवशी पेटीची रवानगी मित्राकडे. मित्राला आत काय आहे ते सांगूनच पाठवा.

खरा छळ मात्र वाट पाहण्याचा. मादी अंड्यांचं पाकीट पोटातच वागवते आणि महिना-दोन महिन्यांनी २०-३० जिवंत पिल्लं घालते. ती मोठी व्हायला आणखी ४ ते ६ महिने. तेवढ्या काळात पेटीतलं एकही झुरळ पालीला द्यायचं नाही. म्हणजे शंभरावर झुरळं घरात, आणि पालीसाठी रातकिडे विकतच. इथे धीर सुटतो. लोक चार माद्या खाऊ घालतात आणि मग वसाहत वाढत नाही म्हणून वैतागतात. पुढे द्यायचे ते जादा नर आणि मधली पिल्लं. आकार पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. आदल्या दिवशी त्यांना पोटभर खाऊ घाला आणि देताना कॅल्शियमच्या पावडरीत घोळवा, भजी पिठात घोळवतो तशी.

उरला एक प्रश्न. रात्री ओट्यावर झुरळ दिसतं, चप्पल उचललेली असते, आणि आतून आवाज येतो, “अहो, आपलं आहे का बघा!” त्यावर उपाय म्हणजे काचेची बरणी. पकडून आत टाका. काचेवर सरसर चढून तोंडाशी आलं तर ते मोरीतलं, चप्पल चालवा. तळाशी गोल गोल फिरत बसलं तर आपलं. बरणी लोणच्याची असेल तर आधी धुऊन, कोरडी करून घ्या. तेलकट काचेवरून मोरीतलंही घसरतं आणि सन्मानाने पेटीत जातं.