केनियातील अनाथालयात सेवेला निघण्यापूर्वी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधील तरुण संघांत अल्पकालीन सेवेचे बेत ठरू लागतात आणि त्यात केनियातील एखाद्या ख्रिस्ती अनाथालयाचे नाव हमखास निघते. पतीच्या नोकरीनिमित्त आम्ही काही वर्षे नैरोबीत होतो आणि त्या काळात शहराबाहेरच्या एका ख्रिस्ती बालगृहात नोंदी व हिशेब लिहिण्याचे काम मी विनावेतन करत असे, हे ज्यांना ठाऊक आहे ते मला विचारतात की कोणत्या अनाथालयात जावे आणि मुलांसाठी काय घेऊन जावे. मुलांच्या सहवासात दोन-तीन आठवडे घालवण्यासाठी कोणत्याही अनाथालयात जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ते तोंडी सांगितले की मने दुखावतात, म्हणून कारणे सविस्तर लिहीत आहे.

बालगृहाच्या नोंदवहीत प्रत्येक मुलाचे एक पान होते. नाव, जन्मतारीख, गाव, दाखल झाल्याची तारीख, शाळेची इयत्ता, आणि सर्वांत खाली नातेवाइकाचे नाव व फोन नंबर. हा शेवटचा रकाना बहुतेक पानांवर भरलेला असे. कुणाची आई नैरोबीतील किबेरा या झोपडवस्तीत राहून लोकांचे कपडे धूत असे, कुणाची शोशो, म्हणजे आजी, माचाकोसकडे एकरभर कोरडवाहू जमिनीवर मका लावत असे, कुणाचा काका मटाटूवर, म्हणजे तिथल्या खासगी प्रवासी गाडीवर, वाहक होता. डिसेंबरात शाळांना मोठी सुट्टी लागली की आपापली पत्र्याची पेटी घेऊन मुले फाटकापाशी उभी राहत, न्यायला आलेल्या त्यांच्या माता वहीत सही करत, आणि नाताळापर्यंत वसतिगृहातले निम्मे पलंग रिकामे होत. जानेवारीत तीच मुले परत दाखल होत, कारण तिथे दोन वेळचा उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि शाळेची फी यांची सोय होती. या मुलांना आई हवी होती आणि ती त्यांना होती. नव्हते ते तिच्या हातात पैसे.

हे एकाच बालगृहाचे चित्र आहे असे कुणी समजू नये. आई-वडिलांपैकी एक जरी गेलेला असला तरी त्या मुलाची अनाथांत गणना करण्याची युनिसेफची पद्धत आहे, आणि 2015 मध्ये त्या पद्धतीने जगभरात मोजलेल्या सुमारे 14 कोटी मुलांपैकी दोन्ही पालक गमावलेली मुले दीड कोटींच्या आसपास होती. अनाथालयांतील मुलांसाठी काम करणाऱ्या लुमॉस या संस्थेने 2016 मध्ये हैतीविषयी जो अहवाल दिला, त्यात तिथल्या अनाथालयांतील सुमारे 30,000 मुलांपैकी 80 टक्के मुलांचा निदान एक पालक हयात असल्याचे नमूद आहे. केनियात अशा संस्थांतील मुलांची संख्या 40,000 ते 45,000 सांगितली जाते. एचआयव्हीने तिथली एक पिढी कापून काढली तेव्हा यांतल्या कित्येक संस्था उभ्या राहिल्या, आणि त्या काळी गरज खरी होती, हे मी नाकारत नाही. पुढे औषधे मोफत मिळू लागली आणि आई-बाप जगू लागले, पण इमारती उभ्याच राहिल्या, आणि इमारत चालवायची तर पलंग भरलेले लागतात. देणगीदार पलंग पाहायला येतो. आजीच्या झोपडीत राहून शाळेत जाणारी मुलगी त्याला दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी तो पैसेही देत नाही.

आपण ख्रिस्ती लोक याकोबाच्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे 27 वे वचन या कामासाठी नेहमी पुढे करतो. त्या वचनात अनाथांबरोबर विधवांचाही उल्लेख आहे. दोघांच्या संकटात त्यांचा समाचार घ्यावा, असे ते सांगते. विधवेला तिच्या पत्र्याच्या खोलीत सोडून तिचे मूल आपण बांधलेल्या इमारतीत आणून ठेवले, तर त्या वचनाचे अर्धेच पालन होते, आणि तेही उलट्या बाजूने, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आता सहवासाविषयी, कारण तरुण मुलांचे मन तिथेच गुंतलेले असते. परत आलेल्या प्रत्येक गटाच्या साक्षीत एक प्रसंग असतोच: फाटकातून आत जाताच मुले धावत आली, हात धरले, एक लहानगी कडेवर चढली आणि खाली उतरायलाच तयार नव्हती. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. परंतु नाशिकला माझ्या भावाकडे कुणी अनोळखी पाहुणा आला की त्याची तीन वर्षांची मुलगी आईच्या पदराआड लपते आणि तासाभराने हळूहळू बाहेर येते, आणि सुरक्षित वाढणाऱ्या मुलाचे हेच लक्षण आहे. जे मूल कोणत्याही परक्याच्या कडेवर दोन मिनिटांत चढते, त्याने अनेक माणसे येऊन जाताना पाहिलेली असतात. रोमानियातील बुखारेस्टमध्ये 2000 साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमधील 136 लहान मुलांपैकी निम्म्यांना प्रशिक्षित कुटुंबांत ठेवण्यात आले आणि पुढे वर्षानुवर्षे दोन्ही गटांची वाढ तपासली गेली. कुटुंबात गेलेल्या, विशेषतः वयाच्या दोन वर्षांच्या आत गेलेल्या मुलांची बुद्धी, भावना आणि माणसाशी जडणारे नाते या सर्वांत स्पष्ट सुधारणा दिसली. आपला गट पंधरा दिवस जीव लावतो, शेवटच्या संध्याकाळी सगळे रडतात, बस निघते. पुढच्या सोमवारी दुसऱ्या देशातून दुसरा गट येतो आणि त्याच मुलांना त्याच गाण्याने त्याचे स्वागत करावे लागते. ऑगस्टमध्ये कार्यालयाच्या भिंतीवरील कॅलेंडरात पाहुण्यांच्या तारखा इतक्या दाटीने लिहिलेल्या असत की मुलांना वाचायला बसवण्यासाठी मोकळी दुपार शोधावी लागे.

सुरक्षेचा प्रश्न याहून कठोर आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमाचा एक तरुण नैरोबीतील बालगृहात स्वयंसेवक म्हणून वारंवार जात असे. तिथल्या मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल 2015 मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि पुढच्या वर्षी 40 वर्षांची शिक्षा दिली. आपली मुले तशी नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्या दारातून चांगला माणूस विनाचौकशी आत येतो, त्याच दारातून वाईट माणूसही येतो. आपल्याकडे बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार संस्थेतील मुलाची ओळख उघड होईल असे छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. पुण्यातल्या बालगृहातील मुलाचे छायाचित्र आपण टाकणार नाही, मग केनियातील मुलाचे, त्याच्या नावासह आणि त्याच्या दुःखाच्या कहाणीसह, फेसबुकवर का टाकतो?

केनियाच्या सरकारने स्वतः दिशा बदलली आहे. 2017 मध्ये नव्या बालसंस्थांची नोंदणी थांबवण्यात आली आणि 2022 मध्ये मुलांना संस्थांतून कुटुंबांत परत नेण्याचे दहा वर्षांचे धोरण जाहीर झाले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर 2019 च्या ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीविरुद्ध पावले उचलण्यास देशांना सांगितले आहे.

यावर आपल्यातील वडीलधारी मंडळी पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचे उदाहरण देतात, आणि ते देणे रास्त आहे. पण रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणल्या त्या मुलींच्या आणि स्त्रियांच्या मागे कुणी उरले नव्हते किंवा उरलेल्यांना त्या नको होत्या. केडगावात स्त्रिया आणि मुले एकत्र राहिली, छपाई-विणकाम शिकली. 1898 मध्ये तिथे आलेल्या अमेरिकी मिशनरी मिनी अब्रॅम्स वर्षानुवर्षे राहिल्या. पंधरवड्याच्या सहलीला या परंपरेचा आधार देता येत नाही.

ज्यांचे खरोखर कुणी नाही अशी मुले केनियातही आहेत, आणि त्यांना सांभाळणाऱ्या स्त्रियांविषयी मला अपार आदर आहे. तुटपुंज्या पगारावर रात्री-अपरात्री तापाने फणफणलेल्या मुलाशेजारी बसणाऱ्या त्या असतात, पाहुणे नव्हेत. संस्था एका रात्रीत बंद कराव्यात असेही मी म्हणत नाही. मार्च 2020 मध्ये कोविडच्या साथीच्या भीतीने सरकारने मुलांना घाईघाईने घरी पाठवायला लावले, तेव्हा घरांची काहीच तयारी करून घेतलेली नव्हती. परतणाऱ्या मुलाइतकीच त्याच्या घरालाही सोबत लागते, आणि ती सोबत तिथली भाषा बोलणारा समाजसेवकच देऊ शकतो. त्याच्या पगारासाठी पैसे द्यावेत. अनाथ व असहाय मुलांच्या कुटुंबांना केनिया सरकार दरमहा 2,000 शिलिंग देते. त्यावर आणखी थोडी भर पडली, गणवेश आणि परीक्षेची फी निघाली, आईला चामात, म्हणजे तिथल्या बचत गटात, पाय ठेवायला भांडवल मिळाले, तर पुष्कळ मुले घरीच राहतील. एका गटाच्या विमानप्रवासाचा खर्च या कामी लावला तर किती घरे उभी राहतील, हे प्रत्येक तरुण संघाने कागदावर मांडून पाहावे. ज्यांना जायचेच आहे आणि ज्यांच्या हातात विद्या आहे, म्हणजे परिचारिका, समुपदेशक, लेखापाल, त्यांनी तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवण्यासाठी जावे आणि मुलांच्या खोल्यांपासून दूर राहावे.

यंदा ज्यांचा बेत ठरत आहे, त्यांनी तिकिटे काढण्याआधी त्या संस्थेला पत्र लिहून विचारावे: किती मुलांचे पालक हयात आहेत, गेल्या वर्षी किती मुले कायमची घरी गेली, त्या घरांकडे महिन्यातून कोण जाऊन येते, आणि आमच्या चारित्र्याची चौकशी तुम्ही कशी करणार. पत्राचा मसुदा हवा असेल तर पाळकसाहेबांनी किंवा संघाच्या चिटणीसांनी मला निरोप पाठवावा. मी तो लिहून देईन आणि आलेले उत्तर त्यांच्याबरोबर बसून वाचेन.