एप्टेशिया आठ दिवसांत संपत नाही

'माझ्या रॉकवर हे तपकिरी फुलासारखं काय उगवलंय?' असं एखाद्या नवशिक्या रीफ टँकवाल्यानं, म्हणजे घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यानं, विचारायचा अवकाश, कुणीतरी लगेच तो ठरलेला उपाय पुढे करतं. तुम्हीही तो वाचला असेल. एप्टेशिया, म्हणजे रॉकवर झपाट्यानं पसरणारा हा उपद्रवी समुद्री ॲनिमोन, दिसला की ब्लेडनं खरवडा. भोकात शिरला तर लिंबाचा रस टोचा. तीन दिवस दिवे आणि खाणं बंद ठेवा. दोन पेपरमिंट श्रिंप सोडा. तरीही राहिला तर रॉक बाहेर काढून उकळा. आठ दिवसांत टँक साफ.

सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. पण मी शेवटच्या सूचनेपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं चुकलं तर टँक बिघडेल. हे चुकलं तर घरातली माणसं रुग्णालयात जातील.

रॉक उकळू नका. कधीच नाही. जुन्या लाइव्ह रॉकवर, म्हणजे समुद्री जीव वस्तीला असलेल्या दगडावर, झोअँथिड किंवा पॅलिथोआ या प्रवाळासारख्या प्राण्यांची एखादी वसाहत असू शकते, कधी इतकी लहान की लक्षातही येत नाही. त्यांच्यातल्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ साली हवाईतल्या पॅलिथोआपासून वेगळं केलेलं हे विष जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे, आणि उकळल्यानं ते नष्ट होत नाही. उलट वाफेबरोबरच्या सूक्ष्म थेंबांतून ते घरभर पसरतं आणि श्वासावाटे आत जातं. खोकला, ताप, धाप लागणं, तोंडात कडवट-धातूसारखी चव, डोळ्यांची आग अशी सुरुवात होते. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशर परगण्यातल्या स्टीव्हनटन गावात टँकमधलं प्रवाळ साफ करताना अख्खं कुटुंब आजारी पडलं आणि मदतीला गेलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. गरम पाण्याचा झोत मारणं, कोरडा रॉक ब्रशनं घासणं हे त्याच जातीचे धोके आहेत. एखादा रॉक हाताबाहेर गेला असेल, तर हातमोजे आणि गॉगल घालून, ओला असतानाच पिशवीत बंद करून टाकून द्या. रॉक गेला तरी चालेल.

आता खरवडण्याबद्दल. एप्टेशियाचं सगळं बळ त्याच्या तळव्यात, म्हणजे रॉकला चिकटणाऱ्या बुडात आहे. कुणी हातही लावला नाही तरी तो रॉकवर सरकताना तळव्याचे बारीक तुकडे मागे सोडतो आणि त्या प्रत्येक तुकड्याला काही दिवसांत तोंड आणि स्पर्शिका फुटतात. हीच त्याची पिल्लं वाढवायची नेहमीची रीत. आपण ब्लेड फिरवतो तेव्हा त्याचंच काम झपाट्यानं करून देतो. शिवाय डिवचल्यावर तो अंगातून पांढरे, दंशकोशिकांनी भरलेले धागे बाहेर फेकतो. ते शेजारच्या प्रवाळाला भाजतात.

माझ्या टँकमध्ये मागच्या कोपऱ्यात एकच होता, करंगळीच्या पेराएवढा. मी तो खरवडला आणि सुटलेलं सगळं नळीनं ओढून घेतलं. जागा पांढरी स्वच्छ दिसत होती. तीन आठवड्यांनी भिंग लावून पाहिलं तर त्याच जागेभोवती मोहरीएवढे सात पारदर्शक ठिपके, प्रत्येकाला केसासारख्या स्पर्शिका. आठवा खालच्या भेगेत होता. त्या दिवसापासून मी ब्लेड हातात घेतलेलं नाही. एक अपवाद मात्र सांगायला हवा: एप्टेशिया फ्रॅगच्या प्लगवर, म्हणजे प्रवाळाचा तुकडा चिकटवलेल्या छोट्या बैठकीवर, किंवा रॉकच्या टोकाला असेल, तर तळव्याखालच्या दगडासकट तो भाग टँकबाहेर छाटून टाकता येतो. तिथं दगड तुटतो, एप्टेशिया फाटत नाही. फरक एवढाच आहे, पण तोच महत्त्वाचा.

लिंबाच्या रसात तथ्य आहे. आम्लानं त्याची ऊती मरते. पण सुईचा स्पर्श होताच तो पापणी लवायच्या आत अंग भोकात ओढून घेतो, रस पाण्यात वाहून जातो आणि खोल बसलेला तळवा शाबूत राहतो. तोंडात किंवा देठात सुई नेमकी गेली तरच काम होतं, आणि ते दहात दोनदा साधतं असा माझा अनुभव. त्यापेक्षा काल्क, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट बरी. ती जड असते, जागेवर बसते आणि भोकाचं तोंडही बुजवते. पंप बंद करायचे, पाणी शांत होऊ द्यायचं, आणि सिरिंजनं पेस्ट तोंडाच्या चकतीवर इतकी हलकेच सोडायची की त्याला ते खाणंच वाटावं. स्पर्शिका आत वळल्या की वरून आणखी थोडी, मग पाव तास थांबून पंप सुरू. पेस्टचा पीएच बाराच्या वर असतो, म्हणून डोळे आणि हात जपा, शेजारच्या प्रवाळावर ती सांडू देऊ नका, आणि एका दिवसात चार-पाचांपेक्षा जास्त करू नका. उत्साहाच्या भरात तीस भोकं भरली तर टँकचा पीएच चढतो आणि माशांना ते सोसत नाही.

दिवे बंद ठेवण्याचा सल्ला मला सर्वांत निराधार वाटतो. एप्टेशियाच्या अंगात प्रवाळासारखंच शैवाल राहतं आणि प्रकाशातून त्याला अन्न मिळतं, म्हणून अंधारात तो उपाशी मरेल असा हा हिशेब. पण प्रवाळ आणि शैवाल यांचं नातं अभ्यासण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा हाच प्राणी पाळतात. २०१५ मध्ये त्याचा जीनोमही प्रसिद्ध झाला. तिथं शैवाल काढून टाकलेले पांढरेफटक एप्टेशिया आर्टेमिया या कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवाची पिल्लं खाऊ घालून अंधारात दीर्घकाळ जगवले जातात. शैवालाशिवाय तग धरतो हा तर त्याच्या उपयुक्ततेचा गाभा. तीन दिवसांच्या काळोखाचा ताण पडेल तो तुमच्या प्रवाळावर. खाण्याचं म्हणाल तर पाण्यात उरणारं जास्तीचं खाणं कमी केल्यानं त्याची वाढ मंदावते, ते जरूर करा. माशांना उपाशी ठेवण्याचं काही कारण नाही.

दोन पेपरमिंट श्रिंप. कुठल्या? लिस्माटा वंशातल्या एकमेकींसारख्या दिसणाऱ्या कितीतरी कोळंब्या याच नावानं विकल्या जातात. काही एप्टेशिया खातात, काही ढुंकूनही बघत नाहीत. त्यातच कॅमल श्रिंपही पेपरमिंट म्हणून खपते. तिच्या पाठीला कुबड असतं, लाल रेघांबरोबर ठळक पांढऱ्या रेघाही असतात, आणि ती मऊ प्रवाळ आणि झोअँथिडच कुरतडते. खरी पेपरमिंट फिकट, अर्धपारदर्शक, अंगावर बारीक लाल रेघा असलेली. तीही लहान एप्टेशिया खाते, मोठ्यांना सहसा टाळते, आणि रोज पेलेट मिळू लागल्या की शिकारीचा नाद सोडते. आणि मजानो? आखूड, टोकाला फुगीर स्पर्शिका असलेला हा दुसरा उपद्रवी ॲनिमोन ती बहुधा तोंडातही धरत नाही. आधी आपल्या टँकमध्ये दोघांपैकी कोण आहे ते ओळखा.

माझा भरवसा बर्गियावर आहे. ही बोटाच्या पेराएवढी, पाठीवर झालर असलेली समुद्री गोगलगाय एप्टेशियाशिवाय काहीच खात नाही, आणि रात्री खाते. भोकातला, रॉकच्या पोटातला, आपल्याला न दिसणारा एप्टेशियाही ती शोधून काढते. पण पेपरमिंट श्रिंप आणि काही रास मासे तिलाच खातात, म्हणजे दोन्ही उपाय एकदम केले तर एक दुसऱ्याचा घास होतो. मोठ्या टँकमध्ये एकदोन सोडून काही होत नाही. गट सोडावा लागतो, त्यांनी वळ्यावळ्यांची पांढरी अंडी घालावी लागतात, पुढची पिढी यावी लागते. आणि एप्टेशिया संपले की त्या उपाशी मरतात, म्हणून तेव्हा त्या कुणाला द्यायच्या हे आधीच ठरवून ठेवा.

यात कुठं बसतात आठ दिवस? तळव्याचा तुकडा डोळ्यांना दिसण्याजोगा व्हायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. आठव्या दिवशी जो टँक साफ दिसतो, तो फक्त दिसतो. संप (टँकखालची गाळणीची टाकी), ओव्हरफ्लो (पाणी तिकडे उतरण्याची जागा), पाइप, स्किमर या फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची मागची बाजू इथं कुणी बघत नाही आणि तिथंच तो खुशाल वाढतो. माझ्याकडचा शेवटचा एप्टेशिया बर्गिया सोडल्यावर पाचव्या महिन्यात सापडला, ओव्हरफ्लोच्या पाइपच्या आतल्या वळणावर. त्यावर काल्कचा ठिपका ठेवला. दर रविवारी रात्री, टँकचे दिवे बंद झाल्यावर, तिथं अजून टॉर्च मारून बघतो.