‘पाडा आणि नवी बांधा’: एका फिरत्या दाव्याला उत्तर

जुन्या वास्तूंबद्दल एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं: जुन्या इमारतीचं आयुष्य संपलेलं असतं, तिच्यात आजच्या सोयी बसत नाहीत, भूकंपात ती टिकत नाही, ती वीज खाते, दुरुस्तीपेक्षा नवी स्वस्त पडते, आणि वारसा जपायचाच असेल तर दर्शनी भिंत ठेवा, मागचं सगळं पाडा. वाचताना पटतं. म्हणूनच उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

‘आयुष्य संपलं’ याला पुरावा म्हणून पोपडे सुटलेल्या, ओल आलेल्या भिंतीचं चित्र दाखवलं जातं. अशा भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकून बघा. खालच्या तीन-चार फुटांत ती पोकळ वाजते. गिलावा थोडा खरवडला की अनेकदा आत चुन्यात बांधलेली वीट सापडते आणि वर नंतर कधीतरी मारलेलं सिमेंट. जमिनीतली ओल विटांमधून वर चढतेच. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, त्यातून ती बाहेर पडून वाळते. सिमेंटने ती वाट बंद होते. पाणी आत कोंडतं, आणखी वर चढतं, आणि त्यातले क्षार विटेच्या तोंडाशी स्फटिक होऊन साचतात. लोणा लागतो तो हा. विटेचा भुगा हाताला लागला की सगळे म्हणतात, इमारत म्हातारी झाली. ती म्हातारी झालेली नसते, चुकीच्या दुरुस्तीने आजारी पडलेली असते. पायथ्याशी साचणारं पाणी दूर काढा, सिमेंट उतरवा, भिंतीला पुरतं वाळू द्या आणि मग पुन्हा चुना चढवा.

अथेन्सच्या पार्थेनन या प्राचीन मंदिराला असाच दुरुस्तीचा फटका बसला. प्राचीन कारागिरांनी संगमरवराचे दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडले होते आणि गंज लागू नये म्हणून त्यांच्याभोवती शिसं ओतलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या डागडुजीत नवं लोखंड बसवलं, पण शिशाचं ते कवच दिलं नाही. लोखंड गंजलं, फुगलं, दगड फुटले. हल्लीच्या कामात टायटॅनियम वापरतात.

‘आजच्या सोयी बसत नाहीत.’ पॅरिसचं ऑर्से हे १९००चं रेल्वे स्थानक. गाड्या लांब झाल्या, फलाट अपुरे पडले, पुढे ते पाडायचंही घाटत होतं. १९८६पासून तिथे संग्रहालय आहे. केपटाऊनमध्ये तर धान्याच्या काँक्रीटच्या कोठारातल्या उभ्या नळ्याच कापून मधला चौक तयार केला आणि २०१७ साली कलासंग्रहालय उघडलं. वापर बदलणं म्हणजे वास्तूचा अपमान असं ज्यांना वाटतं, त्यांनी रोमचं पँथिऑन आठवावं. मंदिराचं ते ६०९ साली चर्च झालं, आणि वापरात राहिलं म्हणूनच ते इतकं शाबूत आहे. वास्तूजतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतही हेच आहे: समाजोपयोगी वापर असेल तर जतन सोपं होतं, मात्र त्यासाठी मूळ मांडणी आणि सजावट बदलू नये.

भूकंपाची भीती खोटी नाही. नुसत्या विटांच्या भिंती हादऱ्यात कोसळतात आणि माणसं मरतात. तिथे रंगरंगोटी करून कोणी वास्तू जपल्याचं सांगत असेल, तर तो गुन्हाच. पण त्यावर उपाय आहेत. १९८९च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलचं मोठं नुकसान झालं. मग त्या अवाढव्य वास्तूच्या पायात हादरे शोषणारे आधार बसवले आणि १९९९ साली ती पुन्हा उघडली.

विजेचा हिशेब मात्र अर्धाच मांडला जातो. नवी इमारत वापरात कमी वीज घेईलही, पण तिचं सिमेंट, पोलाद आणि काच बनवताना झालेलं प्रदूषण पहिल्याच दिवशी तिच्या खात्यावर असतं. २०११च्या एका अमेरिकी अभ्यासानुसार, ते कर्ज नव्या काटकसरी इमारतीने फेडायला १० ते ८० वर्षं लागतात. आणि जुनी इमारत सुधारता येतेच. १९३१च्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमधल्या सुमारे साडेसहा हजार खिडक्या फेकल्या नाहीत. त्यांच्या काचा तिथेच, इमारतीतच नव्याने जोडून परत बसवल्या.

खर्चाबाबत एक कबूल करतो: जुन्या कामात अंदाजपत्रक चुकतं. छत उघडल्यावर कुजलेल्या तुळया निघतात. त्यामुळे आधी चार ठिकाणी उघडून बघावं, मग आकडा लिहावा. पण तुलना करताना पाडण्याचा, राडारोडा वाहून नेण्याचा आणि बांधकाम संपेपर्यंत दुसरीकडे राहण्याचा खर्चही नव्या इमारतीच्या बाजूला धरा. बहुतेक तुलनांमध्ये हे रकानेच नसतात.

राहिली दर्शनी भिंत. जिथे फक्त तेवढीच ठेवली आहे, तिथे संध्याकाळी दिवे लागल्यावर समोर उभं राहून बघा. जुन्या उंच खिडकीच्या बरोबर मधोमध नव्या मजल्याचा स्लॅब आडवा गेलेला दिसतो.