‘शाळेत नुसता खेळ चाललाय’ : त्या मेसेजला पहिली-दुसरीच्या बाईंचं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. गावच्या ग्रुपवरून, माहेरच्या ग्रुपवरून, बचत गटातून आणि कहर म्हणजे आमच्या शिक्षकांच्याच एका ग्रुपवरून. ‘पालकांनो, जागे व्हा’ अशी सुरुवात आणि खाली एक फोटो: पोरं फरशीवर पालथी पडून खडे मांडतायत. मजकूर थोडक्यात असा: मराठी शाळांत आता दिवसभर खेळ चालतो, वह्या कोऱ्या असतात. बाराखडी आणि पाढे बंद झालेत. एकवीसला ‘वीस एक’ म्हणायला लावून भाषेचा खून केलाय. परीक्षा नाहीत, सगळे ढकलपास. अहवालच सांगतो की तिसरीच्या ७७ टक्के पोरांना वाचता येत नाही. त्यावर कडी म्हणजे पहिलीपासून हिंदीची सक्ती. तेव्हा वेळीच पोराला इंग्लिश मीडियमला घाला.

मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. पहिली नेमणूक जतला झाली, आता तासगाव तालुक्यात आहे. दोन शिक्षकांची शाळा, एका खोलीत दोन वर्ग. मेसेजमधलं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण जे खरं आहे ते भलत्याच ठिकाणी चिकटवलंय.

खेळापासूनच सुरू करते, कारण फोटो त्याचाच आहे.

बत्तीसातून सतरा वजा करायचे. आम्ही शिकलो तेव्हा बाईंनी फळ्यावर मांडून सांगितलं: दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक उसना घ्या, दोनाचे बारा झाले. का झाले? विचारायची सोय नव्हती. माझ्या वर्गातल्या एका पोरानं मात्र विचारलं होतं, “बाई, उसना घेतला तो परत कधी द्यायचा?” हसू आलं, पण प्रश्न बिनतोड होता. एक घेतला आणि त्याचे दहा कसे झाले, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. अशी पोरं मग आपली वाट शोधतात. सातातून दोन गेले पाच, तिनातून एक गेला दोन, उत्तर पंचवीस. दुसरी-तिसरीच्या कुठल्याही वर्गात बसा, हे पंचवीस तुम्हाला भेटणारच.

आता तेच काड्यांनी करा. दहा-दहाचे तीन गठ्ठे, रबर लावलेले, आणि दोन सुट्ट्या. सतरा द्यायचे आहेत. एक गठ्ठा दिला, उरले सात. सुट्ट्या तर दोनच. पोरगी थोडा वेळ काड्यांकडं बघत राहते आणि मग आपणच एका गठ्ठ्याचं रबर काढते. झाल्या बारा सुट्ट्या. सात दिल्या, पाच राहिल्या, शेजारी एक गठ्ठा. पंधरा. ते रबर निघतं तो क्षण म्हणजे ‘उसना’. हे चार-पाच दिवस हातानं केल्यावरच मी फळ्यावर मांडणी घेते, आणि मग वहीतही होते. मेसेज लिहिणाऱ्यानं पहिल्या दोन दिवसांत वही तपासली असणार. तेव्हा ती कोरीच असते.

हे काही कुठल्या परदेशी शाळेतून आलेलं नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडं असलेला शाळांचा गट) शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी आपल्या साध्या जिल्हा परिषद शाळांमध्ये हे करून दाखवलं. चिंचोके, खडे, काड्या, फरशीवर आखलेले चौकोन. राज्यभरातून शिक्षक ते बघायला येत. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि ‘ज्ञानरचनावाद’, म्हणजे पोरानं स्वतः करून आपलं आपण शिकणं, हा शब्द शिक्षकांच्या प्रत्येक केंद्रसंमेलनात ऐकू यायला लागला.

आणि इथंच मेसेजवाल्याला थोडं झुकतं माप द्यावं लागेल. कुमठ्याला जाऊन आल्यावर बऱ्याच ठिकाणी पहिलं काम झालं ते ऑइलपेंटचे डबे आणण्याचं. फरशा रंगल्या, फोटो निघाले, अहवाल वर गेले. खडे-चिंचोके मात्र डब्यात आणि डबा कपाटात. रंगलेल्या फरशीवर पोरं बसतात आणि बाई पाठ्यपुस्तक वाचून दाखवतात, असे वर्ग मीही बघितलेत. तिथं खेळही नाही आणि शिकणंही नाही. तक्रार करायची तर त्याची करा.

बाराखडीचं म्हणाल तर ती बंद झालेली नाही, तिची जागा बदललीय. पूर्वी अ ते ज्ञ सगळी मुळाक्षरं आधी, मग बाराखडी, मग शब्द. शब्द हाती लागेपर्यंत दिवाळी यायची. तोवर पोरानं वाचलेलं असायचं काय, तर अननसातला अ. अननस आमच्याकडं कुणी पाहिलेला नव्हता, ते सोडा. आता चार-पाच अक्षरं आणि एक चिन्ह, एवढ्यावर सुरुवात होते. क, म, ल, र आणि काना घ्या. काका, मामा, मका, काम, माल, लाल, काल, राम, कमाल. पंधरवड्यात पहिलीचं पोरगं ‘मामा’ वाचतं आणि घरी जाऊन मामाला फोन लावतं. मग पुढची चार अक्षरं, वेलांटी, उकार. बाराखडी येते, पण अक्षरं ओळखीची झाल्यावर. सुरात म्हणतोही आम्ही, आवडतं पोरांना. फक्त सुरात म्हणणं म्हणजे वाचता येणं, असं मी धरत नाही. माझ्याकडं दुसऱ्या शाळेतून आलेला एक मुलगा ‘क का कि की’ घडाघडा म्हणायचा आणि मधल्याच ‘कु’वर बोट ठेवलं की ‘क’पासून पुन्हा सुरू करायचा.

पाढे? पुस्तकात आहेत, भिंतीवर आहेत, आणि माझ्या वर्गात रोज दुपारच्या खिचडीनंतर म्हटलेही जातात. फरक एवढाच की सातचा पाढा पाठ करायच्या आधी पोरं तो पाचच्या आणि दोनच्या पाढ्याची बेरीज करून स्वतः तयार करतात. मग सात आठे विसरलं तरी चाळीस आणि सोळा छप्पन्न असं काढता येतं, पुन्हा ‘सात एके’पासून धावावं लागत नाही. पाठांतराला माझा विरोध अजिबात नाही. भागाकार करताना पाढा तोंडावर नसेल तर पोरगं निम्म्यातच दमतं.

पावकी, निमकी, सवायकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, अडीच यांचे पाढे मात्र गेले, हे खरं. ग्रुपवरच्या एका आजोबांनी त्यावरच जोर दिला होता. आजोबा, रुपयाचे सोळा आणे होते आणि धान्य पायलीनं मोजलं जायचं तोवर पावकी रोजच्या व्यवहारातली होती. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. तुमची पावकी माझ्या पिढीच्या आधीच सुटली, तिचं बिल पहिलीच्या पोरांवर फाडू नका.

आता ‘वीस एक’. २०१९ ला दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं तेव्हा हा गदारोळ झाला होता, विधानसभेतसुद्धा. ते पुस्तक करणाऱ्या गणित समितीच्या अध्यक्ष गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की जुने शब्द काढून टाकलेले नाहीत, अडणाऱ्या मुलांसाठी ही जोड आहे. मेसेज मात्र दरवर्षी जूनमध्ये नव्यानं उगवतो.

अडतं कुठं ते बघा. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतं, लिहिताना दोन आधी लिहायचा. पोरं ७२ लिहितात, ऐकलं तसं. ‘एकोणतीस’ तर आणखी मजेशीर: त्यात नऊही ऐकू येत नाही आणि वीसही. तिसातून एक उणा हे सहा वर्षांच्या पोरानं ऐकता ऐकता ओळखायचं. आपल्याला त्रास आठवत नाही, कारण तो कधीच मागं पडला.

जतला असताना एक गोष्ट रोज कानावर पडायची. त्या भागात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. आमच्या आवारातच एक होती, मधे फक्त एक भिंत. पलीकडची पोरं एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणायची. इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक. सरळ वीस-एक. शेकडो वर्षं ती भाषा असं मोजतेय, तिचा काही खून झालेला दिसला नाही.

एक आक्षेप मात्र मला पटतो. मराठीत ‘वीसएक माणसं’ म्हणजे वीसच्या आसपास माणसं. त्यामुळं बाजारात ‘वीस एक रुपये द्या’ म्हटलं तर घोटाळा होईल. म्हणून मी वर्गात दोन्ही म्हणून घेते: गठ्ठे मोजताना वीस आणि सात, आणि मग “याला आपण म्हणतो?” “सत्तावीस!” काही आठवड्यांनी पहिला भाग आपोआप गळून पडतो. कुबडी काढून घेण्यासाठीच दिलेली असते.

७७ टक्क्यांचा आकडा मेसेजमध्ये सगळ्यात ठळक आहे, आणि तोच सगळ्यात बेजबाबदारपणे वापरलाय. तो ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीतून उचललेला दिसतो. मुळात ‘असर’ सरकारी नाही, ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानं होते. ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन, एकेका मुलाला समोर बसवून वाचायला देतात. त्यात सरकारी शाळेत तिसरीत शिकणाऱ्या २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. शंभरातून हे वजा केले की झाले ७७. पण हा आकडा सगळ्या देशाचा आहे, आपल्या जिल्ह्याचा नाही आणि राज्याचाही नाही. दुसरं, त्या चाचणीला पायऱ्या आहेत: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, आणि मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. जो मुलगा परिच्छेद वाचतो पण गोष्टीत अडखळतो, तो या ७७ मध्ये धरला जातो. त्याला ‘वाचता येत नाही’ म्हणणं म्हणजे दोन मजले चढलेल्या माणसाला जमिनीवर आहे म्हणणं.

आणि तिसरं, जे मेसेजनं सोयीनं गाळलं: वाचता येणाऱ्यांचा हा २३.४ चा आकडा २०१८ ला २०.९ होता, कोरोनानंतर २०२२ ला १६.३ वर घसरला आणि २०२४ ला २३.४ वर आला. म्हणजे शाळा बंद असताना पडला, उघडल्यावर चढला. २०२१ च्या जुलैत सुरू झालेलं ‘निपुण भारत’ याच वयासाठी आहे, तिसरी संपेपर्यंत प्रत्येकाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब यावेत यासाठी. तेवीस हा काही मिरवायचा आकडा नाही, मला तो टोचतो. पण ‘खेळामुळं वाचन गेलं’ हे त्यातून कुठल्याच हिशेबानं निघत नाही.

ढकलपासचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं थांबलं, परीक्षा घेणं नाही. आमच्याकडं आकारिक (वर्षभर चालणारं) मूल्यमापन असतं, संकलित (सत्राच्या शेवटी लेखी-तोंडी) असतं, वरच्या वर्गांना राज्यावरून चाचण्या येतात. २०२३ पासून तर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुन्हा संधी, तरी नाही जमलं तर त्याच वर्गात. हां, प्रगतिपुस्तकात प्रत्येक पोराबद्दल लिहायच्या वर्णनात्मक नोंदींच्या तयार पीडीएफ फिरतात आणि चाळीस पोरांबद्दल ‘उपक्रमात आनंदाने सहभागी होतो’ हे एकच वाक्य लिहिलं जातं, ही आमची लाज आहे. ती मी झाकत नाही.

हिंदीची सक्ती: १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय आला, १७ जूनला बदलला, २९ जूनला दोन्ही मागं घेतले. मेसेज अजून एप्रिलमध्येच अडकलाय.

आणि इंग्लिश मीडियम. इंग्रजी आमच्याकडं २००० सालापासून पहिलीपासूनच आहे, हे पालकांना सांगितलं की त्यांना आश्चर्य वाटतं. कुणी पोर कुठं घालावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण घरी द्राक्षबागेची, डब्याची, भांडणाची सगळी भाषा मराठी असताना पोराला वजाबाकीही परक्या भाषेत समजून घ्यायला लावणं, हे एका हातानं दोन घागरी उचलायला लावण्यासारखं आहे. काही उचलतात. बाकीची काय करतात ते तिसरी-चौथीत आमच्याकडं परत येणाऱ्या पोरांना विचारा. स्पेलिंग पाठ असतं, अर्थ विचारला की खाली बघतात.

खरं दुखणं मेसेजमध्ये आलंच नाही. मतदार याद्या, सर्वेक्षणं, रोज एक नवी लिंक, प्रत्येक उपक्रमाचा फोटो. ज्या दिवशी दुसरे गुरुजी बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला जातात त्या दिवशी चारही वर्ग माझ्याकडं असतात. त्या दिवशी वर्गात खरोखर नुसता खेळ चालतो, आणि तो मला आवडत नाही. जागे झालेल्या पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय काढला तर मी चहा पाजेन.

परवा मधल्या सुट्टीत मेसेजमधला तो फोटो मी माझ्या दुसरीच्या पोरांना दाखवला. कुठल्या शाळेचा आहे काही कळत नाही. मी काहीच विचारलं नव्हतं, फक्त मोबाइल पुढं धरला. चार डोकी एकावर एक आली. एका पोरीनं बोटानं फोटो मोठा केला, रांगा बघितल्या आणि म्हणाली, “बाई, चार दशक आणि सात. सत्तेचाळीस मांडलेत त्यांनी.”

“न्हाई,” शेजारचा म्हणाला, “त्या पोराच्या हाताखाली आजून एक हाय बघ. अठ्ठेचाळीस.”

घंटा झाली तरी त्यांचं मिटलं नव्हतं.