65 टक्के नोकऱ्या अजून जन्मल्याच नाहीत म्हणे!

बारावीचे निकाल लागले की आमच्या चिंचवडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. यंदा तो आला तेव्हा माझी भाची अभियांत्रिकीच्या कॅप फेरीचा पसंतीक्रम लावत बसली होती. मेसेजचा सारांश असा: आज पहिलीत जाणाऱ्या मुलांपैकी 65 टक्के मुलं अशा नोकऱ्या करणार आहेत ज्या आज अस्तित्वातच नाहीत. मेकॅनिकल मेलं. आयटीला एआय खाणार. खात्रीची उरली ती सरकारी नोकरी. तेव्हा करिअर ठरवत बसू नका, स्किल शिका. खाली एका कोर्सची लिंक. पुढे काय येणार हे कुणालाच ठाऊक नाही, पण त्यासाठी कोणता कोर्स करायचा हे मात्र ठाऊक!

"मामा, मग मी हे भरतेय कशाला?" भाचीने विचारलं. भोसरीच्या टूलरूममध्ये 26 वर्षं डाय, म्हणजे पत्रा कापायचे-वाकवायचे साचे, बनवल्यात, त्यामुळे निदान मेकॅनिकलच्या मरणाबद्दल बोलायचा मला हक्क आहे. पण आधी तो आकडा.

जागतिक आर्थिक मंचाच्या 2016 च्या अहवालात तो आहे, पण एक लोकप्रिय अंदाज म्हणून. माग काढत गेलं की आपण कॅथी डेव्हिडसन या अमेरिकी प्राध्यापिकेच्या 2011 च्या पुस्तकाशी पोचतो. मुळात तो कुणी आणि कसा मोजला, हे 2017 मध्ये बीबीसीच्या आकडे तपासणाऱ्या कार्यक्रमालाही सापडलं नाही. बाईंनी स्वतः तर तो वापरणं त्याआधीच सोडलं होतं. ज्यांच्या नावावर खपतो त्यांनीच हात झटकलेत, आपण मात्र पुढे ढकलतोय. आणि आमच्याच जिन्यात बघा: बँकवाले, नर्स, शिक्षिका, वायरमन, अकाउंटंट, कॅबवाला. यातलं कुठलं काम आमच्या वडिलांना कळलं नसतं?

"मेकॅनिकल मेलं." आमच्या घरापासून आकुर्डी हाकेच्या अंतरावर. बजाजने 2010 च्या सुमारास स्कूटर बनवणंच बंद केलं, तेव्हाही लोक हेच म्हणाले होते. 2019 मध्ये चेतक विजेवर परत आली आणि 2022 मध्ये आकुर्डीतच तिचा कारखाना उभा राहिला. पिस्टन गेला, गिअरबॉक्स गेला. पण बॉडी पत्र्याचीच आहे, आणि पत्र्याला आकार द्यायला प्रेस लागतो, प्रेसला डाय लागते. विजेच्या मोटरच्या पोटात लॅमिनेशन असतात, म्हणजे एकावर एक रचलेल्या पातळ पत्र्याच्या चकत्या, साधारण 0.35 किंवा 0.5 मिलिमीटरच्या. त्या बहुतेक प्रोग्रेसिव्ह डायवर, म्हणजे पत्रा पुढे सरकवत टप्प्याटप्प्याने कापणाऱ्या डायवर, कापल्या जातात. पत्रा जितका पातळ तितकं पंच (वरून दाबून कापणारा भाग) आणि डायमधलं क्लिअरन्स, म्हणजे फट, कमी. कापलेल्या कडेला जरा बर, म्हणजे धारदार कंगोरा, राहिली की मोटर तापते. म्हणजे काम सोपं झालं नाही, उलट नाजूक झालं.

धक्का बसला तो ज्यांना एकच पार्ट करता येत होता त्यांना. आमच्या ओळीतला कार्ब्युरेटरचे सुटे भाग करणारा गाळा बंद पडला. लोक दोष देतात इलेक्ट्रिक गाड्यांना. खरं तर 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 हा गाड्यांच्या धुराचा नियम लागू झाला आणि बहुतेक दुचाक्या कार्ब्युरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेल्या, तिथेच त्याचं काम आटपलं होतं. तो नियम येणार हे सरकारने 2016 मध्येच सांगितलं होतं. चार वर्षं हातात होती. हे भविष्य नव्हतं, राजपत्र होतं.

आता आयटी. मेसेजमध्ये टीसीएसचा दाखला आहे. जुलै 2025 मध्ये कंपनीने सुमारे 12 हजार, म्हणजे साधारण 2 टक्के लोक कमी करणार असं जाहीर केलं हे खरं. पण ते मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले होते, आणि कारण एआय नव्हे, कौशल्य आणि काम यांचा मेळ न बसणं, असं कंपनीच्या प्रमुखांचं म्हणणं होतं. कंपनीचं म्हणणं तसंच्या तसं गिळा असं मी म्हणत नाही. साचेबंद कोड लिहिणं, हाताने टेस्टिंग करणं, या नवख्यांच्या कामावर गदा येतेय हे मला हिंजवडीत जाणाऱ्या पोरांकडून कळतं. मेसेजमधली एवढी एक गोष्ट मी खोडणार नाही. पण त्यावरून कॉम्प्युटरच घेऊ नका असं निघत नाही.

सरकारी नोकरीच्या खात्रीबद्दल सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं, तेव्हा ते 2025 पर्यंत पुढे ढकला म्हणून 2023 मध्ये याच पोरांना पुण्यात रस्त्यावर बसावं लागलं. नोकरी पक्की असेलही, तिथवरची वाट नाही.

राहिलं "ठरवत बसू नका". दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. कुठल्या वळणावर रस्ता बदलता येतो हे आधी बघून ठेवणं, याला मी ठरवणं म्हणतो. त्यानेही सगळं वाचत नाही. तळेगावात 2020 च्या डिसेंबरात जनरल मोटर्सने उत्पादन थांबवलं, तेव्हा चांगले कसलेले कामगार घरी बसले. म्हणून स्किल हाच विमा म्हणणाऱ्यांवरही माझा विश्वास नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असणं हेही नियोजनच, पण त्याची लिंक कुणी पाठवत नाही.

भाचीने पहिल्या तीन पसंती कॉम्प्युटरच्याच ठेवल्या. ठेवू दे. चौथ्या जागी मेकॅनिकल आहे, आणि त्या कॉलेजच्या नावापुढे वहीत पेन्सिलीने लिहिलंय: "वर्कशॉपमधली मशिनं चालू आहेत का, मामाला घेऊन बघून येणे."