शिळ्या फुलांची बाजू : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘उतरती फुलं’ ही बारा छायाचित्रं इथे टाकून आठवडा झाला. त्याखालची आपली प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. बुधवारी सकाळी पुन्हा वाचली, तेव्हा चहा गार झाला. खाली चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळं लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आपलं म्हणणं असं, की तिसऱ्या फोटोतल्या गुलाबाचा रंग चुकलाय, चौथ्याखाली ‘लिली’ लिहिलंय ती लिली नव्हेच, बाराही फोटो एकाच साच्यातले आहेत, फोटोंखालचा मजकूर फार बोलतो. आणि शेवटी हे वाक्य : ‘ज्याला ताजं फूल टिपता येत नाही, तो शिळ्या फुलाचं तत्त्वज्ञान सांगतो.’

चौथ्या फोटोबद्दल तुमचं बरोबर आहे. तो निशिगंध आहे, फूलबाजारातली गुलछडी. घाईत लिहिलं गेलं. दुरुस्त केलंय, आभारी आहे. चूक कबूल करायला मी कधी लाजलेलो नाही, हे इथले जुने वाचक सांगतील.

आता ते वाक्य. टीकेला माझी ना नाही. पण टीकेची एक रीत असते. कुणाकडे पोहे खाल्ले तर ‘मीठ जरा कमी आहे’ म्हणता येतं. ‘तुमच्या घरात कुणाला स्वयंपाक येतो का?’ असं कुणी विचारत नाही. तुम्ही तेच विचारलंत, आणि तेही नाव न देता.

ताजं फूल टिपता येत नाही म्हणता? 2004 ते 2011 अशी सात वर्षं मी ताज्या फुलांखेरीज काही टिपलंच नाही. तळेगावच्या आसपास, मावळात, पॉलिहाऊसमधले गुलाब. उत्पादकांचे कॅटलॉग, खोक्यांवरची चित्रं, प्रदर्शनातले फलक, सगळं केलं. पहाटे पाचला लोणावळा लोकल पकडून जायचो. कळी उमलायच्या आत दांडा कापतात, लांबीप्रमाणे प्रतवारी करतात, वीस-वीसच्या जुड्या बांधून शीतगृहात टाकतात. त्या थंडीतून लेन्स बाहेर आणली की तिच्यावर वाफ धरते, ती आपोआप जाईपर्यंत हात चोळत बसायचं. व्हॅलेंटाइनच्या आधीचे तीन आठवडे तर जेवायला फुरसत नसे.

म्हणून ताजं फूल कसं ‘टिपतात’ ते सांगतो, कदाचित तुम्हाला ठाऊक नसेल. कळी मोठी दिसावी म्हणून झाडावर असतानाच तिला जाळीची टोपी घालतात. कापल्यावर बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या, ज्या जरा हिरवट, खरबरीत असतात, त्या खुडून टाकतात. मग आमच्यासारखा कुणी येतो आणि ग्लिसरीनमध्ये पाणी कालवून पिचकारीने फवारतो. नुसतं पाणी ओघळून जातं, ग्लिसरीनचा थेंब तासभर हलत नाही. तुम्ही ज्याला पहाटेचं दव समजून ‘वा!’ म्हणता, ते बहुतेक वेळा दुपारी बारा वाजता ट्यूबलाइटखाली पडलेलं असतं. मी स्वतः पाडलंय, शेकड्यांनी.

उतरणाऱ्या फुलाला यातलं काही करता येत नाही. ते आपल्या मनानं उतरतं, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. जरबेरा मान टाकतो. जास्वंद संध्याकाळी छत्रीसारखी मिटते ती कायमची. अनंत पांढरा असतो, मग सायीचा होतो, मग लोण्यासारखा पिवळा, आणि त्या पिवळ्यात त्याचा वास सगळ्यात दाट असतो (हे माझं मत, कॅमेऱ्याला त्याचा उपयोग नाही). शेवंती बाहेरून आत सुकत जाते, मधला गोंडा शेवटपर्यंत तग धरतो. यातला नेमका कुठला तास पकडायचा, हे ठरवायला डोळा लागतो. सहाव्या फोटोतल्या शेवंतीपाशी मी नऊ दिवस होतो. आमच्याकडे नऊ दिवस जेवणाच्या टेबलाला कुणाला हात लावू दिला नाही. त्यावर घरी जे ऐकलं त्यापुढे तुमची प्रतिक्रिया सौम्य आहे.

त्यातून इतक्या जवळून फोटो काढताना एका वेळी जेमतेम दोन-चार मिलिमीटर भागच स्पष्ट येतो. म्हणून फोकस केसभर पुढे सरकवत वीस-पंचवीस फोटो काढायचे आणि मागाहून एकत्र जुळवायचे. ताजं फूल तेवढा वेळ गप्प उभं राहतं. कोमेजणारं राहत नाही. अठराव्या फोटोला पाकळी खाली येते आणि आधीचे सतरा फुकट जातात. आणि तुम्ही म्हणता, टिपता येत नाही!

माझं सोडा. अर्व्हिंग पेन या अमेरिकन छायाचित्रकाराने 1967 ते 1973 अशी सात वर्षं ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या नाताळ अंकासाठी दरवर्षी एकेक फूल घेतलं. आधी ट्यूलिप, मग पॉपी, मग पिओनी, असं करत. त्यातली कितीतरी फुलं भर ओसरलेली आहेत, पाकळ्यांना डाग पडलेत, कडा मुरडल्यात. फॅशनच्या दुनियेत जन्म काढलेला माणूस, त्याच्या दारात हवी तितकी ताजी फुलं येऊन पडली असती. त्यालाही ताजं फूल टिपता येत नव्हतं का? मी स्वतःला पेन म्हणवत नाही, कुणी तसा अर्थ काढू नये.

आणि ‘शिळं’? शिळा भात असतो, शिळी पोळी असते. फुलाला मराठीत सुकलेलं, कोमेजलेलं, मलूल असे किती शब्द आहेत. त्यातून तुम्ही नेमका हा उचललात तो टोचण्यासाठीच. देवाला शिळी फुलं वाहू नयेत हे मलाही माझ्या आजीनं शिकवलंय. पण मी ती देवाला वाहत नाहीये. आणि वाहून झालेल्या फुलांनाही आपल्याकडे कचरा म्हणत नाहीत, निर्माल्य म्हणतात, ते पायाखाली येऊ देत नाहीत. आजी निर्माल्याची परडी तुळशीमागच्या आंब्याच्या बुंध्याशी रिकामी करायची. त्या ढिगाकडे मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचो. माझा फोटोग्राफीचा पहिला वर्ग तोच. प्राजक्ताचं तर काय बोलावं, तो झाडावरून खाली पडल्यावरच आपण वेचतो आणि तसाच देवाला चालतो. दहा वाजेस्तोवर त्याच्या पाकळ्या कागदासारख्या होतात. हे तत्त्वज्ञान असेल तर ते माझं नाही, अंगणातलं आहे.

तिसऱ्या फोटोतला गुलाब ‘जांभळट पडलाय, व्हाइट बॅलन्स चुकला’ असं आपण ठामपणे लिहिलंय. व्हाइट बॅलन्स म्हणजे उजेडाप्रमाणे कॅमेऱ्यातले रंग जुळवणं. नाही चुकला. शेजारी करडं कार्ड ठेवून मोजला होता. लाल गुलाब म्हातारा होताना खरंच निळसर पडतो. पाकळीच्या पेशींतला रस जसजसा कमी आंबट होतो, तसा तोच लाल रंग जांभळ्याकडे झुकतो. एक गुलाब पेल्यात ठेवा आणि आठवडाभर थांबा. ठाम बोलण्याआधी एवढं करता आलं असतं.

मजकूर फार बोलतो म्हणता, तर वाचू नका. फोटो वर आहेत, मजकूर खाली आहे, कुणी सक्ती केलेली नाही.

राहता राहिला साचा. बाराही फोटो एकसारखे वाटतात, डावीकडून खिडकीचा उजेड, मागे काळोख, असं आपण म्हणता. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी पुष्पपात्रं रंगवताना मागे पुष्कळदा काळोखच ठेवला, त्यांना कुणी साचा म्हटलं नाही. शिवाय माझ्या घरात उत्तरेची खिडकी एकच आहे, आणि काळं मखमली कापडही एकच. ते कॅटलॉगच्या दिवसांतलं. ताजे गुलाबही मी त्याच्याच पुढे ठेवायचो.